प्रपोजल ऐन दिवाळीत अडकलं तर? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार, आमची बीड जिल्ह्यात छोटी संस्था आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतो. मुंबईतल्या एका कंपनीच्या सीएसआरकडून (म्हणजे सामाजिक कामाच्या निधीसाठी) प्रपोजल मागवलंय, शेवटची तारीख १३ नोव्हेंबर. मागच्या वर्षीही याच सुमारास एके ठिकाणी अर्ज दिला होता आणि तेव्हा काही अडचण आली नव्हती, म्हणून आमचे सचिव म्हणतात तेच वेळापत्रक पुढे चालवू. मला मात्र धाकधूक वाटतेय. तीन ट्रस्टींच्या सह्या लागणार, त्यातले एक मुंबईत नोकरीला आणि मूळचे कोकणातले. कधीपासून कामाला लागू?

उत्तर : तुमची धाकधूक बरोबर आहे आणि सचिवांना माझा नमस्कार सांगून एवढंच विचारा, की अहो यंदा धोंड्याचा महिना येऊन गेला ना? १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता, जावयांची चंगळ झाली आणि त्यापुढचे आपले सगळे सण अडीच-तीन आठवडे पुढे सरकले. २०२५ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निवांत बसून अर्ज भरलात तेव्हा फराळ संपत आला होता, यंदा त्याच आठवड्यात तो तळला जात असणार.

आता नीट बघा. ६ला शुक्रवारी धनत्रयोदशी, शनिवारी सरकारी ऑफिसं बंदच असतात, ८ला रविवारी लक्ष्मीपूजन, १०ला पाडवा, ११ला भाऊबीज. मधल्या सोमवारी ऑफिस उघडं असलं तरी ज्या माणसाशी काम आहे तो खुर्चीत सापडेल याची खात्री मी तरी देणार नाही. हातात उरले १२ आणि १३, आणि लगेच १४ला दुसरा शनिवार म्हणजे बँकही बंद. तेव्हा कागदावर १३ तारीख असली तरी तुमची डेडलाइन ५ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ. भिंतीवर तीच लिहा.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. प्रपोजलचं लिखाण सुट्टीमुळे अडत नाही, ते आपण रात्री जागून, दिवाळीत चकल्या खात खातसुद्धा करतो. अडतात ते दुसऱ्याच्या हातातले कागद. ट्रस्टच्या मीटिंगचा ठराव, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आयकर सवलतीची १२ए आणि ८०जीची प्रमाणपत्रं, सीएसआर-१चा (सीएसआरचा निधी घेण्यासाठी संस्थेने करायच्या सरकारी नोंदणीचा) नंबर, बँकेचं पत्र, मुख्याध्यापकांचं पत्र. यातल्या प्रत्येक कागदामागे एक माणूस आहे आणि त्या माणसाचं स्वतःचं कॅलेंडर आहे. म्हणून डेडलाइनपासून उलटे दिवस मोजत बसू नका, आधी माणसांची यादी करा आणि प्रत्येकाच्या पुढे तो कधी भेटणार नाही ते लिहा.

तुमचे मुंबईचे ट्रस्टी मूळचे कोकणातले म्हणालात, मग ते गणपतीत गावाला जाणार हे ठरलेलंच. यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतात, अनंत चतुर्दशी २५ला, त्यामुळे ठरावावर त्यांची सही ऑगस्टमध्येच घेऊन टाका, किंवा विसर्जनानंतरची तारीख आत्ताच फोनवर पक्की करा. तुमचे सीए सप्टेंबरअखेर ऑडिटच्या कामात बुडालेले असतात आणि ३० तारखेपर्यंत तुमचा फोन उचलला तरी नशीब समजा. सीएसआर-१ भरायचा राहिला असेल तर त्याला संस्थेच्या माणसाची डिजिटल सही लागते आणि वर सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्रही, तेव्हा त्या डिजिटल सहीचं टोकन चालू आहे की मुदत संपून ड्रॉवरमध्ये पडलंय ते आजच बघा.

मग लिहायचं आणि कागद गोळा करायचं कधी? पितृपंधरवड्यात. हसू नका. २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. कुणाकडे लग्न नाही, वास्तुशांत नाही, सुट्टी म्हणाल तर २ ऑक्टोबर सोडून फारशी नाही, माणसं जागेवर असतात. काही ट्रस्टी म्हणतील की पितरांच्या दिवसांत नव्या कामाच्या कागदावर सही नको. त्यांच्याशी वाद घालू नका, मसुदा तेव्हा वाचून घ्या आणि सही घटस्थापनेला, ११ ऑक्टोबरला घ्या. रविवारच आहे, घरी भेटतील.

तुमच्या कामात आणखी एक घड्याळ चालू असतं, ते कॅलेंडरवर छापलेलं नसतं. दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुठल्या गावातून किती मुलं आईबापांबरोबर जाणार, किती मागे राहणार, पालकांची संमती, हे सगळं दसऱ्याच्या, म्हणजे २० ऑक्टोबरच्या आत गोळा झालं पाहिजे, नाहीतर कुलूप लावलेल्या घरांची मोजणी करावी लागेल. शाळेलाही दिवाळीची सुट्टी लागते, मुख्याध्यापकांचं पत्र आणि शिक्का त्याच्या आधी.

आणि वर्कप्लॅनमध्ये 'पहिला महिना : मुलांची नोंदणी' असं लिहून जानेवारीपासून सुरुवात दाखवू नका हो. जानेवारीत मुलं फडावर असतात, निम्मा हंगाम गेलेला असतो. कंपनीला पैसे ३१ मार्चच्या आत खर्चायची घाई असते, कारण चालू राहणारा प्रकल्प नसेल तर न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारी फंडात भरावी लागते, त्यामुळे ती तुम्हालाही घाई करायला लावेल. तुम्ही स्पष्ट सांगा की हे काम एका हंगामाचं नाही, बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर करा, आणि नोंदणी पुढच्या दसऱ्याच्या आधीची दाखवा. समजूतदार सीएसआर मॅनेजर असेल तर हे वाचून त्याचं मत चांगलंच होईल.

कंपनीत समक्ष भेटायला जाणार असाल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ईद-ए-मिलादची सुट्टी सलग तीन वर्षं हललेली आहे, २०२३ला २८ची २९ सप्टेंबर झाली, मुंबईत २०२४ला १६ची १८ सप्टेंबर आणि २०२५ला ५ची ८ सप्टेंबर, प्रत्येक वेळी विसर्जन आणि जुलूस लागून आले म्हणून. यंदा दोन्हींत अंतर आहे, पण एसटीचं रिझर्वेशन करायच्या आधी एक फोन करा.

प्रश्न : आम्ही नंदुरबारकडे पाण्याचं काम करतो. फंडरला (निधी देणाऱ्या संस्थेला) ग्रामसभेचा ठराव हवाय, पण नेमक्या सुट्ट्या मध्ये येतायत. काय करू?

उत्तर : तुमचं उलटं आहे, तुम्हाला सुट्टीच हवी. आपल्याकडे ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर अशाच दिवशी भरवायची रीत आहे. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की विषय मांडा, त्यासाठी आधीच ग्रामसेवकाला भेटून तो विषयपत्रिकेत घालून घ्या, ऐनवेळचा विषय म्हणून रेटला तर पुढे कुणीतरी हरकत घेतं. कोरम नाही भरला आणि सभा तहकूब झाली तर हाताशी २ ऑक्टोबर राहील. १५ ऑगस्ट सोडून थेट २ ऑक्टोबरवर विसंबून राहू नका. आणि ठराव झाला म्हणजे नक्कल मिळाली असं होत नाही, ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असू शकतो, तेव्हा नकलेसाठी आठवडाभर धरा.

प्रश्न : मी पुण्यात संशोधन करते. अमेरिकेतल्या एका फाउंडेशनची डेडलाइन ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५, न्यूयॉर्कची वेळ. आपल्याकडे ऐन दिवाळी. शेवटचा दिवस सुट्टीत आला की मुदत दुसऱ्या दिवशी जाते ना? की सरळ वाढवून मागू?

उत्तर : तुम्ही म्हणता तो नियम आहे, १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये, पण तो आपल्या कायद्यांखाली कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात करायच्या गोष्टींसाठी, खाजगी फंडरला तो बांधील नाही. अमेरिकेची एनआयएच (आरोग्य संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) शनिवार-रविवार किंवा त्यांची फेडरल सुट्टी आली तर तारीख पुढच्या कामाच्या दिवशी नेते, पण ती त्यांची सुट्टी, आपला पाडवा नव्हे.

वेळेचंही बघा. १ नोव्हेंबरला त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. ऑक्टोबरात हिशेब केलात तर संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच, पण ९ तारखेला ते साडेतीन होतात, म्हणजे पाडव्याची पहाट. हा तास तुमच्या बाजूचा आहे, तरी तो हिशेबात धरू नका, त्या वेळी पोर्टल रडलं तर तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये उठवायला कुणी नसेल.

मुदत मागायला हरकत नाही, पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, चार ओळींत, तारखा देऊन. नाही म्हणतील असंच धरून चाला. तुमची खरी अडचण रजिस्ट्रार आणि फायनान्स ऑफिसरच्या सहीची आहे, ते दोघं धनत्रयोदशीपासून सापडणार नाहीत. बजेटचं पान आधी पक्कं करा, ३० ऑक्टोबरपर्यंत त्यावर सह्या घ्या आणि मग बाकीच्या पानांवर ८ तारखेच्या रात्रीपर्यंत हवी तेवढी खाडाखोड करत बसा, त्याला कुणाची सही लागत नाही.