चहाचे कप मोजणं थांबवा

पत्र : "ताई, माझे मिस्टर ५२ वर्षांचे. नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. तीन वर्षांपासून शुगर, गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ आलं. तेव्हापासून मी त्यांच्या ताटातला भात बंद केला, पहाटे पाचला उठवून फिरायला पाठवते, दुकानातल्या पोऱ्याला फोन करून किती चहा झाले ते विचारते. २१ दिवस केलं की सवय लागते, असं मोबाइलवर वाचलं होतं. ते २१ दिवस पुरे व्हायच्या आतच एका लग्नात दोन दिवस खाडा झाला आणि चालणं सुटलं ते सुटलंच. परवा शर्टाच्या खिशात पेढ्याचा कागद सापडला. विचारलं तर सरळ खोटं बोलले. आता अबोला आहे. माझं काय चुकतंय? माझंही बीपी वाढलंय." – एक वाचक, सोलापूर

ताई, तुमची काळजी रास्त आहे. ८.९ हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. पण पत्र वाचताना मला पेढा खटकला नाही, दुकानातल्या पोऱ्याला केलेला फोन खटकला. गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाच्या चहाचा हिशेब त्याचाच नोकर घरी कळवतो! हे त्यांच्या कानावर गेलं नसेल, असं समजू नका. पेठेत अशी गोष्ट संध्याकाळपर्यंतसुद्धा झाकून राहत नाही.

आपलं काय ते ठरवण्याची मोकळीक कुणी हिरावून घेतंय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट हट्टाने करतो. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच हे मांडलं. पुढे १९९९ मध्ये मेगन लुईस आणि कॅरन रूक यांनी जवळच्या माणसांनी तब्येतीसाठी लावलेल्या धाकाचा अभ्यास केला. अशा दबावाने वाईट सवयींना थोडा आळा बसतो, पण मनस्तापही वाढतो. आणि रस्ता टोमण्यांचा, अपराधी वाटायला लावण्याचा असेल, तर सवय बदलणं बाजूलाच राहतं. तुमच्या घरात तेच झालंय. चारचौघांत राजरोस खाल्लेल्या पेढ्याचा कागद खिशात येत नाही, ताई.

आता ते २१ दिवस. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला लोकांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं. पहाटेच्या फिरण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली. २००९ मध्ये निष्कर्ष आले : सवय मुरायला साधारण ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. पेलाभर पाणी पिण्यापेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे लग्नातल्या खाड्याने चालणं मोडलं नसतं. खाड्यानंतर घरात जे बोलणं झालं असेल, त्याने मोडलं.

अबोला तुम्हीच सोडा. "दुकानात फोन करायला नको होता, यापुढे करणार नाही," एवढंच म्हणा आणि खरंच करू नका. पेढ्याचा विषय काढायचा नाही.

मग दोन-चार दिवसांनी, ते निवांत असताना एक प्रश्न विचारा. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी घडवलेल्या समुपदेशनाच्या पद्धतीत तो वापरतात. मिलरनी तिची सुरुवात दारू सोडवण्याच्या कामातून केली होती. "शून्य ते दहामध्ये सांगा, शुगर आटोक्यात आणणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" समजा ते म्हणाले, चार. तुमच्या ओठांवर लगेच येईल, "चारच का?" तो गिळा. विचारा, "चार का म्हणालात, एक का नाही?" गंमत अशी की याचं उत्तर देताना माणूस स्वतःच शुगर कमी करण्याची कारणं सांगायला लागतो. डोळ्यांची भीती असेल, मुलीचं लग्न असेल, तुम्हाला कधी न सांगितलेलं पायाचं बधिरपण असेल. ऐका, मधे डॉक्टर होऊ नका. स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण दुसऱ्याने शंभरदा ऐकवलेल्या कारणापेक्षा जास्त टिकतं.

चालण्याची वेळही त्यांनाच ठरवू द्या. रात्री दुकान बंद करून येणाऱ्याला पहाटे पाचला उठवणं ही शिक्षा झाली. जेवणानंतरच्या चालण्याने वाढणारी साखर थोडी रोखली जाते, आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत रात्रीच जरा बरं वाटतं. "रोज चालेन" यापेक्षा "जेवून हात धुतले की चपला घालीन" हा निश्चय जास्त पाळला जातो. पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासून हे दाखवलं. फक्त हे वाक्य त्यांचं असावं, तुमचं नको. गोळ्यांमुळे किंवा इन्सुलिनमुळे साखर एकदम उतरू शकते का, हे मात्र आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दुकानातला चहा? हॉटेलवाल्याला "माझा बिनसाखरेचा" असं त्यांनी एकदाच सांगून ठेवलं की प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर मनाशी झगडावं लागत नाही. आणि त्यांचं ताट वेगळं वाढू नका. घरात सगळ्यांनाच भात थोडा कमी करा. कडक भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हाही आपल्याकडचा लाडका समज आहे. ज्वारीनेही साखर वाढते.

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं, तेव्हा पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तोवर रोजची उलटतपासणी बंद.

तुमच्या बीपीबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत. या आठवड्यात ते तपासून घ्या. पहाटे पाचला तुम्हाला जाग येतेच. एखाद्या मैत्रिणीला घेऊन हुतात्मा बागेकडे तुम्हीच चालायला जा. त्यांना झोपू द्या.