रीसेट पाठवला, पण पाळला कुणी?

प्रश्न : माझ्या आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपना मायक्रोकंट्रोलरशी जोडणाऱ्या दोन सामायिक तारांवर, तीन चिप आहेत : पीसीए९६८५ हा पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून आउटपुट चालवणारा) ड्रायव्हर, बीएमई२८० हा हवामानाचा सेन्सर आणि एमसीपी४७२५ हा डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप). वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला की रीसेट देणाऱ्या टायमरने) मायक्रोकंट्रोलर रीसेट केला तरी या चिप आधीच्याच अवस्थेत राहतात. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीलाच मी जनरल कॉल ॲड्रेसवर, म्हणजे सगळ्या चिपना एकदम हाक मारणाऱ्या शून्यावर, ०६ हा रीसेटचा बाइट पाठवतो. एसीके, म्हणजे बाइट मिळाल्याची पोच, मिळतो. पण सेन्सरची सेटिंग तशीच राहते आणि डीएसीचं आउटपुट मात्र एकदम अर्ध्यावर उडी मारतं. शिवाय कधीकधी बसच गप्प होते. पॉवर काढून पुन्हा दिल्याशिवाय हलत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचा ०६ बरोबर आहे. चुकलं ते त्या एसीकेवर विसंबण्यात. आय-टू-सीच्या दोन्ही तारा, डेटाची एसडीए आणि क्लॉकची एससीएल, ओपन-ड्रेन असतात : चिप त्या फक्त खाली ओढू शकतात, वर आणतात ते पुल-अप रेझिस्टर. एसडीए कुणीही एकाने खाली ओढली की मास्टरला, म्हणजे मायक्रोकंट्रोलरला, एसीके दिसतो. एकाने ऐकलं की तिघांनी, हे त्यावरून कळूच शकत नाही. त्यात जनरल कॉल पाळणं चिपवर बंधनकारकही नाही. तुमचा ड्रायव्हर तो पाळतो, डीएसीही पाळतो, सेन्सर पाळत नाही.

डीएसीची उडीही त्याच हुकमामुळे. ०६ मिळताच एमसीपी४७२५ आपल्या ईईप्रॉममधली (पॉवर गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली) किंमत आउटपुटवर चढवतो आणि कारखान्यातून येताना तिथे मधली किंमत भरलेली असते. त्या आउटपुटवर मोटर किंवा हीटर असेल तर कृपा करून हे आजच बदला : ईईप्रॉममध्ये सुरक्षित किंमत, बहुतेक वेळा शून्य, एकदाच लिहून ठेवा. एकदाच म्हणजे एकदाच. दर सुरुवातीला नको, ईईप्रॉम झिजतो.

मी स्वतः सगळ्यांना एकच हुकूम सोडत नाही. बीएमई२८०साठी ई० हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या त्या क्रमांकाच्या कप्प्यात, बी६ लिहा, निदान २ मिलिसेकंद थांबा, मग एफ४ वाचा. ते शून्य झालेलं असेल तर रीसेट खरंच झाला. पीसीए९६८५ला स्वतःच्या ॲड्रेसवर चालणारा पूर्ण रीसेट नाही. त्याच्या मोड-१ रजिस्टरमधल्या ‘रीस्टार्ट’ बिटच्या नावाने फसू नका. तो झोपेतून उठल्यावर जुनेच पीडब्ल्यूएम पुन्हा सुरू करतो. सगळी आउटपुट बंद करायची तर एफडी रजिस्टरमध्ये १० हेक्स लिहा आणि दोन्ही मोड रजिस्टरं हाताने भरा. जनरल कॉलच वापरायचा असेल तर नंतर मोड-१ वाचून बघा, ते ११ हेक्स यायला हवं. लिहून वाचलं नाही तर रीसेट झाला असं मी धरतच नाही.

आता गप्प झालेली बस. हे मी फार जवळून पाहिलंय. माझ्या बोर्डवर सेन्सर वाचत असतानाच मी नवा प्रोग्राम चढवला आणि त्यानंतर एकही चिप सापडेना. मल्टिमीटर लावला तर एससीएल ३.३ व्होल्टवर, एसडीए जवळपास शून्यावर. मायक्रोकंट्रोलर बाइटच्या मध्येच रीसेट झाला होता. सेन्सर मात्र त्याचा ० हा बिट धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत बसला होता. अशा वेळी कुठलाच हुकूम जात नाही, कारण स्टार्ट, म्हणजे संभाषण सुरू करण्याची खूण, द्यायला एसडीए आधी वर असावी लागते. मी एससीएलची पिन साधी आउटपुट केली, एसडीए इनपुट ठेवली आणि एकेक पल्स दिला. पाचव्या पल्सला एसडीए वर आली. ती वर येताना मीटरवर बघणं हा माझा आजही आवडता क्षण आहे.

पल्स जास्तीत जास्त नऊ लागतात : आठ डेटाचे, एक एसीकेचा. एसडीए सुटली की एक स्टॉप (संभाषण संपल्याची खूण) द्या, मग पिना पुन्हा आय-टू-सीकडे सोपवा. हा तुकडा रीसेटच्या हुकमांच्या आधी, प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला असू द्या. एससीएलच खाली अडकली असेल तर पल्सही देता येत नाहीत; तिथे रीसेट पिन किंवा पॉवर तोडणं एवढंच उरतं. पॉवर तोडताना पुल-अपचीही तोडा, नाहीतर चिपला एसडीए-एससीएलमधून चोरून वीज मिळत राहते आणि ती पूर्ण बंद होतच नाही.

प्रश्न : वन-वायरवर (एकाच डेटा-तारेच्या बसवर) मी दर वाचनाआधी रीसेट पल्स देतो. त्याने डीएस१८बी२० या तापमान-सेन्सरचं रिझोल्यूशन (मोजमाप किती बारीक, ती सेटिंग) पुसलं जातं का?

उत्तर : नाही. निदान ४८० मायक्रोसेकंदांचा तो पल्स फक्त संभाषण नव्याने सुरू करतो. स्क्रॅचपॅडमधली, म्हणजे सेन्सरच्या तात्पुरत्या मेमरीतली, सेटिंग जागेवर राहते. ती पॉवर गेल्यावर जाते आणि परत येताना ईईप्रॉममधली चढते. म्हणून सेटिंग बदललीत की ४८ हेक्स ही कमांड देऊन ती ईईप्रॉममध्ये उतरवा. अधूनमधून नेमकं ८५ अंश वाचन येत असेल तर आधी वायरिंग आणि पॉवर तपासा : पॉवर आल्यावर, पहिलं मोजमाप होईपर्यंत, सेन्सर हाच आकडा देतो.