कट-ऑफ ठरवताय? आधी निगेटिव्ह नमुने कुठले ते सांगा

चाचणीचा आकडा कितीच्या वर गेला की ‘पॉझिटिव्ह’ धरायचं ती सीमा, म्हणजे कट-ऑफ, तुम्ही स्वतः ठरवताय. किटच्या पत्रकातला आकडा डोळे झाकून घेतला नाहीत, तिथेच अर्धी लढाई जिंकलीत. आता काळा आजाराच्या (वाळूमाशीतून पसरणारा परजीवीचा आजार) एलायझापुरतं, म्हणजे रक्तातली अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीपुरतं, बोलू.

सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुण्यातल्या रक्तदात्यांचे सीरम ‘निरोगी’ म्हणून घ्यायचे आणि त्यावरून काढलेला कट-ऑफ, जिथे हा आजार होत आलाय त्या बिहारच्या गावात लावायचा. तिथल्या धडधाकट माणसांतही जुन्या संसर्गाची अँटिबॉडी सापडते, उपचारानंतरही ती बराच काळ टिकते. म्हणून निगेटिव्ह नमुने त्याच भागातले हवेत, शिवाय मलेरिया-क्षयाचे रुग्णही त्यांत हवेत, कारण त्यांची अँटिबॉडीही कधी चाचणीला फसवते. उलट बाजूही बघा: आरके३९ (काळा आजाराची झटपट पट्टी-चाचणी) भारतीय उपखंडात उत्तम चालते, पूर्व आफ्रिकेत मात्र तिची संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याची क्षमता) कमी पडते. चाचणी तीच, माणसं आणि परजीवीचे वाण वेगळे.

कट-ऑफ म्हणजे निगेटिव्ह नमुन्यांची ‘सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन’, हे सूत्र सगळेच वापरतात; मीही वापरलं. पण ओडीचे (एलायझातल्या रंगाच्या गडदपणाचे) आकडे बहुधा उजवीकडे लांबलेले असतात, म्हणजे थोडे आकडे फार मोठे, आणि मग सूत्र फसवतं. आधी आलेख काढा, मग सूत्र.

आणि हे गणित वहीत लिहून ठेवा. संवेदनशीलता व विशिष्टता (निरोगींना निगेटिव्ह ठरवण्याची क्षमता) दोन्ही ९५ टक्के, लोकसंख्या १०,०००:

- बाधित १ टक्का: खरे पॉझिटिव्ह ९५, खोटे ४९५
- बाधित ३० टक्के: खरे २,८५०, खोटे ३५०

म्हणजे आजार विरळ असेल तिथे बहुतेक पॉझिटिव्ह खोटेच. म्हणून चाचणी कशासाठी, सर्वेक्षणाला की उपचार ठरवायला, हे आधी ठरवा. काळा आजारावरची औषधं काही साखरेच्या गोळ्या नव्हेत; खोट्या पॉझिटिव्हला ती उगाच द्यायला नकोत.

आरओसी, मिश्र वितरणं वगैरे कट-ऑफ काढायच्या पुढच्या पद्धती सध्या बाजूला ठेवा. पहिले नमुने आले की आलेख दाखवा.