काचेपलीकडे बसणाऱ्या माणसाविषयी

छत्रपती संभाजीनगर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज आणि पुण्याच्या कंपनीने तुझ्या गोंधळाच्या गाण्याचा करून पाठवलेला ट्रॅक, दोन्ही मिळालं. त्या कंपनीशी करार करावा का, म्हणून ‘काका, करू का?’ एवढंच तू विचारलंस. फोनवर सांगता आलं असतं, पण यातल्या काही गोष्टी तुला सही करण्याआधी पुन्हा वाचाव्या लागतील, म्हणून लिहितोय.

आधी ट्रॅकबद्दल. त्यातला संबळ कीबोर्डवरचा आहे. छोटासा तुकडा एकदा वाजवून शेवटपर्यंत चिकटवत नेलाय. लय पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत जागची हललेली नाही. तुझ्या घरात गोंधळ कसा चढतो ते मी तुला सांगायला नको. आवाहन सावकाश सुरू होतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, एकेका ठाण्याचं नाव घेता घेता लय पुढे सरकते. कुणी ठरवून सरकवत नाही. आजोबांचा हात तापत जातो आणि तू त्या हाताकडे बघून गातोस. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचा गोंधळ ज्यांनी समोर बसून ऐकला, त्यांना हे चढणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. या ट्रॅकवर तू सुरात आहेस, तालात आहेस, पण ‘उदो’ म्हणताना तुझ्या आवाजाला जो धक्का बसतो तो कुठेच नाही. कानात क्लिक, म्हणजे ठेका धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक, वाजत असताना तो येणार कुठून?

दुसरं म्हणजे पट्टी. तू काळी तीनमध्ये गातोस. त्यांनी गाणं काळी एकवर आणलंय, आवाज ‘सॉफ्ट’ वाटावा म्हणून. वरच्या सुरावर तुझा आवाज जरासा चिरतो ना, लोकांना तोच लागलाय. खाली आणल्यावर तो चिरतच नाही. उरलेलं काम ऑटोट्यूनने, म्हणजे सूर आपोआप सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरने केलंय.

संबळ आणि गळा एका खोलीत घेतला तर संबळ आवाजाच्या माइकमध्ये घुसतो, ही अडचण खरी आहे. त्यावर उपायही आहे. आजोबांना शेजारच्या खोलीत, काचेतून तुला दिसतील असं बसवायचं. दोघांच्या कानाला हेडफोन, क्लिक बंद. आधी तुम्ही दोघं मनासारखं गाऊन-वाजवून घ्यायचं, मग त्या चढत्या लयीवरून कॉम्प्युटरमध्ये टेम्पो आखायचा आणि बाकीची वाद्यं त्यावर वाजवून घ्यायची. यात स्टुडिओचा एखादा दिवस जास्त जातो. हे ज्याला सुचतं आणि त्या दिवसाचे पैसे मालकाकडून भांडून आणतो, तो प्रोड्युसर. आपल्याकडे त्याला अरेंजर म्हण, म्युझिक प्रोग्रामर म्हण, कामं तीच: गाणं कोणतं, पट्टी कोणती, लय केवढी, कोणतं वाद्य काढून टाकायचं, अनेकदा गाऊन घेतलेल्यातला कोणता टेक ठेवायचा. गाणं चालतं किंवा पडतं ते बरंचसं इथेच ठरतं, आणि श्रोत्याला त्याचा पत्ताही नसतो.

बीटल्स या इंग्लंडमधल्या बँडचं नाव तू ऐकलं असशील. ‘प्लीज प्लीज मी’ हे त्यांचं गाणं मुळात संथ होतं. 1962 मध्ये जॉर्ज मार्टिन या त्यांच्या प्रोड्युसरने ऐकून सांगितलं, लय वाढवा. तेवढ्या एका सूचनेने गाणं उभं राहिलं आणि पोरं इंग्लंडभर गाजली. एल्विस प्रेस्ली या अमेरिकन गायकाचंही तसंच. 5 जुलै 1954, मेम्फिसचा सन स्टुडिओ. संथ गाणी गाऊन झाली, काही जमेना. मधल्या सुट्टीत तो एक जुनं ब्लूज गाणं मस्तीत वाजवायला लागला, गिटारवाला आणि बासवाला सामील झाले. स्टुडिओचा मालक आणि प्रोड्युसर सॅम फिलिप्सने कंट्रोल रूममधून डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? आणि तेच पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. एल्विसची पहिली रेकॉर्ड ती. गाणाऱ्यांना तो वेळ घालवणं वाटत होतं. त्यात गाणं आहे हे ऐकू आलं काचेपलीकडच्याला.

तुझा जो व्हिडिओ गावोगाव फिरला, तो तरी कुठे कार्यक्रमातला होता? गोंधळ संपला होता, आजोबा संबळ कमरेवरून सोडत होते, तू गुणगुणायला लागलास आणि त्यांनी पुन्हा काठ्या उचलल्या. कंपनीच्या माणसाने तो व्हिडिओ पाहून तुला बोलावलं, आणि ट्रॅकमध्ये त्यातलं एकही लक्षण ठेवलं नाही. मला याचंच वाईट वाटलं.

चांगला प्रोड्युसर भर घालण्यापेक्षा काढून टाकण्यात जास्त ओळखू येतो, असं माझं ठाम मत आहे. जॉनी कॅश हा अमेरिकेतला मोठा गायक उतारवयात मागे पडला होता, जुन्या कंपनीने त्याला सोडून दिलं होतं. रिक रुबिन हा तरुण प्रोड्युसर पुढे आला, त्याने त्याला आपल्या घराच्या दिवाणखान्यात बसवलं आणि नुसती गिटार घेऊन गायला लावलं. 1994 चा तो अल्बम. त्याला ग्रॅमी मिळालं, आणि कॅशला पुन्हा नवे श्रोते मिळाले, तेही विशीतले.

आता उलट बाजू, कारण तू हुरळून जाशील ही मला भीती आहे. गळा प्रोड्युसर देत नाही. क्विन्सी जोन्स या प्रोड्युसरने मायकल जॅक्सनला घेऊन 1979 मध्ये ‘ऑफ द वॉल’ आणि 1982 मध्ये ‘थ्रिलर’ केला; ‘थ्रिलर’ जगात सगळ्यात जास्त खपलेला अल्बम मानतात. पण मायकल लहानपणापासून भावांबरोबर गात आला होता, क्विन्सीपाशी तो तयार होऊन आला. रियाज टाळून स्टुडिओच्या भरवशावर बसलेली पोरं मी पुष्कळ पाहिलीत.

आणि प्रोड्युसरचा वरचष्मा झाला की गाणारा अदलाबदलीची वस्तू होतो. फिल स्पेक्टर हा साठच्या दशकातला नावाजलेला प्रोड्युसर. ढीगभर वाद्यं एकत्र वाजवून भिंतीसारखा आवाज उभा करायचा. 1962 मध्ये ‘ही इज अ रेबेल’ हे गाणं त्याने डार्लीन लव्हकडून गाऊन घेतलं आणि रेकॉर्डवर ‘क्रिस्टल्स’ या दुसऱ्याच गटाचं नाव छापलं. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. जिने गायलं तिचं नाव त्यावर नव्हतं.

म्हणून करारनामा. कॅसेटच्या काळात आपल्या भागातले कितीतरी चांगले गायक एकरकमी पैसे घेऊन घरी आले आणि कॅसेटी जत्राजत्रांतून वर्षानुवर्षं विकल्या जात राहिल्या. सही करताना कागद वाचून दाखवणारं कुणी शेजारी नव्हतं. तुझ्या शेजारी मी आहे.

रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन केलं त्याच्या मालकीचं, हा कायदाच आहे. प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. त्यावर वाद घालू नकोस. पण कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा बांधलाय की तो कंपनीला लिहून देताच येत नाही. गायकालाही आपलं नाव लावून घेण्याचा हक्क आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर कंपन्या ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगभर’ असं आठवणीने लिहितात. ते खोडायला लाव. ‘यापुढील सर्व गाणी’ असं कुठे असेल तर सही करायचीच नाही.

तुझं गाणं मात्र तुझं एकट्याचंही नाही. मुखडा पिढ्यान् पिढ्यांचा आहे. गीत-संगीताच्या जागी ‘पारंपरिक’ असंच छापून यायला हवं. तिथे कंपनीच्या कुणाचं नाव घुसलं तर उद्या तुझेच भाऊबंद जागरणात ते गाऊन यूट्यूबवर टाकतील आणि त्यांच्याच व्हिडिओवर कंपनीचा कॉपीराइटचा दावा लागेल. तुझा जुना व्हिडिओही त्यातून सुटणार नाही. तो या करारातून वगळला आहे, असं वेगळं वाक्य घालून घे.

एवढं सगळं लिहून, ‘नको करू’ असं मी म्हणत नाहीये. कंपनीकडे पैसा आहे, पोहोच आहे, आणि परभणीत बसून ती तुला मिळणार नाही. मात्र त्या अरेंजरला स्वतः भेट. मालकाशी बोलून उपयोग नाही, तो पैसे घालणारा आहे. अरेंजरला विचार, माझा तो व्हिडिओ तुम्ही किती वेळा ऐकला? त्यात तुम्हाला काय आवडलं? तो व्ह्यूजचा आकडा सांगायला लागला तर चहा पिऊन परत ये. आवाज कुठे चिरतो, आजोबा कुठे हात सोडतात हे तो सांगायला लागला, तर तो वयाने तुझ्याएवढा असला आणि त्याच्या नावावर एकही गाणं नसलं तरी त्याच्याबरोबर काम कर.

जाताना आजोबांना बरोबर ने, संबळासकट. त्यांच्या तिकिटाचे आणि राहण्याचे पैसे कंपनीने द्यायचे, हे आधीच मेसेजवर लिहून घे. कराराचा मसुदा हातात आला की सगळ्या पानांचे फोटो पाठव, मागच्या बाजूसकट. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना दाखवून दोन दिवसांत कळवतो.

तुझा,
काका