आजीचे ४१ सेकंद

"जीव ओतून केलेलं काम वरची माणसं बदलून टाकतात. ऐकलं तर स्वतःचीच लाज वाटते आणि नाही ऐकलं तर 'हिच्याबरोबर काम करणं अवघड' असा शिक्का बसतो. काय करू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी वास्तुरचनाकार आले आहेत, जाहिराती लिहिणारे आले आहेत, पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या एक बाईही आल्या होत्या. मला त्याचं उत्तर नीट शोधायला लावलं ते सायलीने. नाव बदललंय, काही तपशीलही बदललेत. लिहायची परवानगी तिनेच दिली आहे.

सायली बत्तीस वर्षांची. मुंबईतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत नऊ वर्षं स्टोरीबोर्ड, म्हणजे सिनेमातले प्रसंग चित्रांच्या चौकटींत मांडायचं काम, केल्यावर तिला पहिल्यांदा पूर्ण लांबीचा सिनेमा दिग्दर्शित करायला मिळाला होता. पहिल्या भेटीला आई सोबत आली होती. "मॅडम, पगार वेळेवर होतो, माणसंही वाईट नाहीत. मग ही रात्री अडीचला उठून लॅपटॉप का उघडते?" आईचा प्रश्न रास्त होता. सायली शेजारी गप्प बसली होती. दात इतके आवळलेले, की गालाचा स्नायू हलताना दिसत होता.

लॅपटॉपवर असायची नोट्सची शीट. सिनेमाचा ॲनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं वेळेत बसवून केलेला आराखडा, स्टुडिओच्या वरच्या लोकांनी पाहिला होता आणि ६३ नोट्स, म्हणजे बदलाच्या सूचना, पाठवल्या होत्या. सतरावी नोट तिने मला वाचून दाखवली : "संथ. मुलं कंटाळतील. इथे खारीचे संवाद घाला." ती नोट ज्या प्रसंगावर होती तो ४१ सेकंदांचा. शाळेतून पळून आलेली मुलगी घराच्या पायरीवर बसते. आजी मागे येऊन बसते, तळहातावर तेल घेते, हात एकमेकांवर चोळते आणि तिच्या केसांत बोटं फिरवायला लागते. कोणी काही विचारत नाही. हे सांगताना सायलीचे स्वतःचे हात मांडीवर एकमेकांवर चोळले जात होते. मी विचारलं, "तुझी आजी?" तिने मान हलवली आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

पुढचे दोन आठवडे ती मला दाखले देत राहिली. रिचर्ड विल्यम्स या ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या ॲनिमेटरने १९६४च्या सुमारास एक सिनेमा हाती घेतला, जवळजवळ तीस वर्षं त्यावर खपला आणि १९९२मध्ये तो त्याच्या हातातून काढून घेण्यात आला. 'द थीफ अँड द कॉब्लर' दुसऱ्यांनी पूर्ण केला. आणि तिचा देव म्हणजे जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. त्यांच्या 'नाउसिका' या सिनेमाला अमेरिकेत १९८५मध्ये कात्री लावून, नाव बदलून दाखवलं गेलं. पुढे त्यांचा 'प्रिन्सेस मोनोनोके' अमेरिकेत जायची वेळ आली तेव्हा त्यांचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तिथल्या वितरकाला एक जपानी तलवार दिली आणि सोबत निरोप : नो कट्स. ते दोन शब्द सायलीने टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून लावले होते.

मी तिला थांबवलं नाही. असे दाखले माणूस स्वतःला धीर द्यायला गोळा करतो. पण ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिच्या दाखल्यांत कलाकार एक तर लुटला जायचा, नाहीतर तलवार उपसायचा. तिसरं काही नव्हतंच. रोज सकाळी ती यांपैकी एक होऊन ऑफिसला जात होती. शिवाय ती तलवार एका सिनेमाची चिरफाड सोसून झाल्यावर, स्वतःचा स्टुडिओ उभा राहिल्यावर निघाली होती. सायलीचा हा पहिला सिनेमा होता. मी म्हटलं, "पुढच्या वेळी मला तुझ्याच क्षेत्रातली अशी गोष्ट सांग, जिच्यात वरच्यांचं काहीतरी बरोबर होतं."

तिला ते आवडलं नाही, पण ती गोष्ट घेऊन आली. 'टॉय स्टोरी'ची. पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी हा सिनेमा डिस्नेसाठी करत होती आणि डिस्नेचे जेफ्री कॅट्झेनबर्ग सारखे सांगत होते की हे आणखी धारदार करा, मोठ्यांनाही रुचेल असं करा. पिक्सारची माणसं ऐकत गेली. १९ नोव्हेंबर १९९३च्या शुक्रवारी त्यांनी कच्चा सिनेमा दाखवला तेव्हा त्यातला नायक, वुडी हे खेळणं, इतका खडूस आणि दुष्ट झाला होता की कोणालाच बघवेना. डिस्नेने काम थांबवलं. पिक्सारच्या लोकांनी वेळ मागून घेतला, गोष्ट पुन्हा आपल्या मनासारखी लिहिली आणि १९९५मध्ये तो सिनेमा आला.

"बघा, ऐकलं म्हणून बिघडलं," सायली म्हणाली.

"आणि थांबवलं ते?"

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "थांबवलं ते बरोबरच होतं."

तिथून काम सुरू झालं. ६३ नोट्सचा प्रिंट काढून आम्ही दोन पेन्सिली घेतल्या. बघणाऱ्याला काय झालं ते निळ्याने : कंटाळा आला, कळलं नाही, भीती वाटली. त्याने सुचवलेला उपाय लालने : खार घाला, गाणं घाला, शेवट बदला. पेशंट पोट दुखतंय म्हणतो तेव्हा डॉक्टर ते खरं मानतो, पण कुठली गोळी द्यायची ते पेशंटला विचारत नाही. सायलीला आजवर प्रत्येक नोट एकाच रंगाची दिसत होती. निळ्या खुणा मोजल्यावर ती स्वतःच म्हणाली की यातल्या निम्म्या तरी मलाही पटतात. मला विचाराल तर तिची झोप त्या दिवशी परत यायला लागली.

सतराव्या नोटेपाशी मात्र अडलो. निळ्यात 'संथ' आणि सायली म्हणे तो संथच आहे, संथच हवा. मग तिलाच 'द लिटिल मर्मेड'ची आठवण झाली. तिथेही कॅट्झेनबर्गच होते. एका चाचणी खेळात 'पार्ट ऑफ युवर वर्ल्ड' या गाण्याच्या वेळी मुलं चुळबुळ करायला लागली, म्हणून ते काढायचं ठरत होतं. नायिकेच्या मनात काय आहे ते सांगणारं नेमकं तेच गाणं. पण मुलांनी पाहिलं तेव्हा त्यातली चित्रं अर्धवट होती. ॲनिमेटर ग्लेन कीन आणि इतरांनी हट्ट धरला की पूर्ण होऊ द्या, मग ठरवा. गाणं राहिलं. १९८९च्या त्या सिनेमातून ते काढल्याची आज कल्पनाही करवत नाही.

"तुझा प्रसंग त्यांनी कसा पाहिला?" मी विचारलं.

"पेन्सिलचे रफ. आवाज नाही."

४१ सेकंद, हलणारी कच्ची चित्रं आणि संपूर्ण शांतता. कंटाळा येणारच की! त्या शनिवारी ती गावी गेली आणि मोबाइलवर आवाज टिपून आली : तेलाच्या बाटलीचं झाकण, चोळलेले तळहात, कंगवा गुंत्यात अडकतो तो आवाज, आतून येणारी कुकरची शिट्टी. ते तिने रफवर बसवले आणि पुढच्या मीटिंगला काही न बोलता दाखवले.

एक गोष्ट मी तिला सुरुवातीलाच करायला लावायला हवी होती, ती उशिरा सुचली याचं मला वाईट वाटतं. तिचा करार. तो तिने नीट वाचलाच नव्हता. वकिलाकडे पाठवलं तेव्हा कळलं की आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'ऑथर' निर्माता असतो, दिग्दर्शक नाही आणि अंतिम कट, म्हणजे सिनेमाचं शेवटचं रूप ठरवायचा हक्क, कोणाचा हे करारात ठरतं. तिच्या करारात तो स्टुडिओचा होता. ती दोन दिवस सुन्न होती. पण रात्रीचं जागरण ज्या लढाईसाठी चाललं होतं, ती सही करतानाच संपली होती, हे कळल्यावर तिला निदान आपल्या हातात काय उरलंय ते दिसलं. असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आता मी पहिल्याच भेटीत करार आणायला सांगते.

सगळं काही मिळालं नाही. सिनेमाचा शेवट बदलला गेला आणि बदललेला शेवट वाईट आहे. मलाही तो वाईट वाटला आणि मी तिला तसं सांगितलं. या टप्प्यावर घरचे म्हणतात, "जाऊ दे, कामच आहे." कृपा करून असं म्हणू नका. त्या तासाला आम्ही दुसरं काही केलं नाही. तिने जुना शेवट मला फ्रेम-फ्रेमने सांगितला, मी ऐकला. जाताना ती दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमनबद्दल बोलली. पिक्सारच्या 'ब्रेव्ह' या सिनेमाची कल्पना त्यांची, स्वतःच्या मुलीबरोबरच्या नात्यातून सुचलेली. तरी अर्ध्यातून दिग्दर्शन त्यांच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. २०१३मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा मंचावर दोघंही होते. काढून घेण्याचं दुःख त्यांनी उघडपणे लिहिलं आणि सिनेमात माझी दृष्टी उतरली आहे, असंही लिहिलं. "दोन्ही एकदम खरं असू शकतं, नाही का मॅडम?" सायलीने विचारलं. मी हो म्हटलं.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. "आजीचे २६ सेकंद राहिले. खार आहे, पण त्या प्रसंगात नाही." खाली पुढच्या कामाच्या कराराचा फोटो होता. नोट्सच्या फेऱ्या किती आणि कोणाच्या, या कलमाखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती. निळ्या.