जर्मनीत आर्किटेक्चरचं मास्टर्स करायचंय? आधी १:२० चा सेक्शन काढ

तुझे प्रश्न थोडक्यात असे: बी.आर्क.चं शेवटचं वर्ष चालू आहे, सरासरी ६३ टक्के, पोर्टफोलिओ ४८ पानांचा आणि त्यात बहुतेक रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली फोटोसारखी चित्रं), जर्मन भाषेची ए१ ही पहिली पातळी झालेली. कॉम्प्युटेशनल डिझाईनचं (कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या मदतीने रचना करण्याचं) इंग्रजी मास्टर्स करून पुढे जर्मनीतच आर्किटेक्ट म्हणून काम करायचंय. हे जमेल का, आणि निघण्याआधीच्या वर्षात काय करावं?

उलट्या टोकाकडून सुरुवात करू, कारण कोर्स कोणता घ्यायचा ते तिथेच ठरतं. जर्मनीत ‘आर्किटेक्ट’ हे पद कायद्याने राखीव आहे. आपल्याकडे जे काम काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर करतं, ते तिथे सोळा राज्यांच्या सोळा आर्किटेक्टेनकामर, थोडक्यात कामर, करतात, आणि प्रत्येकीचे नियम थोडे वेगळे. साधारण अट अशी: आर्किटेक्चर विषयाचं किमान चार वर्षांचं शिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षं देखरेखीखाली काम. नोंदणी नसली तरी ऑफिसात नोकरी करता येते. पण स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही आणि बांधकाम परवानगीच्या अर्जावर सही करता येत नाही.

कॉम्प्युटेशनल डिझाईनची अडचण इथे येते. कोर्स वाईट आहेत असं अजिबात नाही. स्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक हा कोर्स चार सेमिस्टरचा आहे, इंग्रजीत आहे, आणि तिथल्या संस्थांनी २०१० पासून उभारलेले संशोधन-मंडप जगभरच्या स्टुडिओंत दाखवले जातात. पण अशा विशेष विषयाच्या पदवीतली किती क्रेडिट्स ‘इमारतीचं डिझाईन’ म्हणून धरायची, हे कामर ठरवते. तुझं पाच वर्षांचं बी.आर्क. कसं मोजलं जाईल, तेही तीच ठरवते. म्हणून अर्ज करायच्या आधी ज्या राज्यात राहायचा विचार आहे तिथल्या कामरला बी.आर्क.चा अभ्यासक्रम आणि मास्टर्सचा अभ्यासक्रम जोडून लेखी विचार. एजंटचं उत्तर इथे चालत नाही, त्याला कामर म्हणजे काय तेच बहुधा माहीत नसतं. नोंदणी हवीच असेल तर साधं, सरळ एम.ए. किंवा एम.एस्सी. आर्किटेक्चर हा सुरक्षित रस्ता. इंग्रजीत हवं असेल तर डेसाऊचा डीआयए कोर्स आहे. जर्मन माध्यमाची तयारी ठेवलीस तर वायमार, ड्रेस्डेन, आखेन, डार्मश्टाट, कार्ल्सरुह असा पर्याय एकदम रुंदावतो. ग्रासहॉपर, म्हणजे कॉम्प्युटेशनल डिझाईनचं सॉफ्टवेअर, तिथेही शिकता येतं.

आता ६३ टक्के. आपल्याकडे आर्किटेक्चरला ६३ म्हणजे नीट काम केलेला विद्यार्थी. बाहेर तो आकडा बघणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. जर्मन ग्रेड १ ते ४ अशी उतरती असते (१ सर्वांत चांगली, ४ जेमतेम उत्तीर्ण) आणि बव्हेरियन सूत्राने काढतात: कमाल गुणांतून तुझे गुण वजा, भागिले कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण, गुणिले ३, अधिक १. उत्तीर्ण होण्याची मर्यादा ५० धरली तर तुझी ग्रेड ३.२२ येते, ४० धरली तर २.८५. गुण तेच, फरक फक्त उत्तीर्ण मर्यादेचा. गुणपत्रिकेवर ही मर्यादा छापलेली नसेल तर तपासणारा त्याच्या तक्त्यातला आकडा धरतो. म्हणून विद्यापीठाकडून किमान उत्तीर्ण गुणांचं पत्र सही-शिक्क्यासह आत्ताच काढून ठेव. निकालानंतर परीक्षा विभागात गर्दी झाली की महिना सहज जातो.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. त्यात आपल्या मुलांचा हमखास अडकणारा मुद्दा नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव; पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी वडिलांचं नाव गायब. सगळीकडे एकच व्यक्ती आहे हे दाखवणारं प्रतिज्ञापत्र तयार ठेव. युनि-असिस्टमार्फत (अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) अर्ज करायचा असेल तर पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. सरसकट बारा ठिकाणी टाकू नकोस. डिझाईनच्या कोर्सना पोर्टफोलिओची चाळणी असते आणि त्यांची मुदत कित्येकदा सर्वसाधारण १५ जुलैच्या बरीच आधी संपते.

ग्रेड मधलीच असल्यामुळे तुझा सगळा भार पोर्टफोलिओवर आहे. ४८ पानं कुणी बघणार नाही. वीस पानं, चार प्रकल्प, आडवा ए४ किंवा ए३, पीडीएफ १० एमबीच्या आत. विद्यापीठाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच अक्षरशः पाळायचा. काळी पार्श्वभूमी, पहिल्या पानावरचं कुणा थोरामोठ्याचं वाक्य, आणि ‘ऑटोकॅड ९० टक्के, स्केचअप ८० टक्के’ असे पट्टे आधी काढून टाक. कुठल्या शंभरातले ९० हे आजवर कुणालाच कळलेलं नाही.

बहुतेक जण ए१ कागदाची सबमिशन शीट तशीच्या तशी ए४ वर आणतात. ए१ वरून ए४ म्हणजे लांबी २.८३ पटीने कमी. २.५ मिलिमीटरचं अक्षर ०.९ मिलिमीटरचं होतं, ०.१३ ची रेषा नाहीशी होते, आणि खाली छापलेलं ‘१:१००’ खोटं ठरतं. म्हणून ड्रॉइंग लहान करायचं नाही, त्या मापासाठी पुन्हा काढायचं: १:२०० ला फर्निचरचं हॅच काढून टाक, कापलेला भाग ०.५ मिलिमीटर रेषेचा किंवा काळा भरलेला, मागचं ०.२५, पृष्ठभागावरचं ०.१३, आणि आकड्याऐवजी स्केल बार. प्रत्येक सेक्शनला (इमारत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग) जमिनीची रेषा दोन्ही बाजूंनी पानाच्या कडेपर्यंत ने, शेजारची इमारत आणि रस्ता दाखव. हवेत तरंगणारा सेक्शन पाहिला की ज्युरीला साइटचा विचार झालेला नाही असंच वाटतं.

रेंडर एका प्रकल्पाला एक पुरे. लुमियन या रेंडर-सॉफ्टवेअरमधली झाडं आणि संध्याकाळचं आकाश तिथे दर दुसऱ्या अर्जात असतं. त्याऐवजी मॉडेलचे फोटो दे, आणि तेही नुसत्या चकचकीत फायनल मॉडेलचे नकोत. बॅकिंग शीटची, सन बोर्डाची, फेकायला निघालेली अभ्यास-मॉडेल्स ओळीने लाव: पहिलं काय होतं, का बदललं. फोटो उत्तरेकडच्या खिडकीशी, मागे करडा कार्डशीट, फोन दोन मीटर लांब ठेवून झूम करून. जवळून काढले तर भिंती तिरक्या होतात.

पोर्टफोलिओत तुझ्याकडे असलेली आणि तू बहुधा शेवटच्या पानात कोंबलेली गोष्ट म्हणजे मेजर्ड ड्रॉइंग. वाई, पैठण, पुण्याच्या पेठा, कुठलाही वाडा असो: जोतं, खांब, तुळई, कडीपाट हे हातात टेप धरून मोजलेलं काम जर्मन प्राध्यापकाला रेंडरपेक्षा फार जास्त सांगतं. तिथल्या जुन्या गावांत लाकडी सांगाड्याची घरं आहेत आणि ऑफिसांच्या कामाचा मोठा वाटा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा असतो. एका खणाचा संपूर्ण सेक्शन १:२० ला आणि खांब-तुळईचा सांधा १:५ ला, ही दोन पानं कर. नासाच्या (आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना) एलआयके, म्हणजे लुई कान, ट्रॉफीसाठी केलेलं डॉक्युमेंटेशन असेल तर तेही चालेल, फक्त ते गटाचं काम आहे आणि त्यातली कोणती शीट तुझी, हे त्याच पानावर लिही. काम स्वतःचं असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी मागतात. ट्रेनिंगच्या ऑफिसमधली वर्किंग ड्रॉइंग टाकायची असतील तर ऑफिसची लेखी परवानगी घे आणि क्लायंटचं नाव पुसून टाक.

आता शीर्षकातल्या सेक्शनबद्दल. आपल्या वर्किंग ड्रॉइंगमध्ये २३० ची वीटभिंत, दोन्हीकडे प्लास्टर, वर छज्जा, झालं. त्या भिंतीतून उष्णता जाण्याचं मूल्य, म्हणजे यू-व्हॅल्यू, २ च्या आसपास येतं. जर्मन नियमांतल्या संदर्भ-इमारतीची बाहेरची भिंत ०.२८ धरलेली असते. हा फरक साधारण अकरा-बारा सेंटिमीटर इन्सुलेशनने भरून निघतो, आणि मग प्रत्येक सांध्याचा प्रश्न बदलतो: बाल्कनीचा स्लॅब इन्सुलेशन तोडून बाहेर गेला तर तिथे थंडीचा पूल तयार होतो, आतल्या कोपऱ्यात दमट हवा गारठते आणि बुरशी येते. पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यावा लागतो, निदान ८० सेंटिमीटर. थिसिसमधली एक इमारत घे, ती काल्पनिक म्हणून जर्मन हवामानात नेऊन पायापासून छतापर्यंत एक पट्टा १:२० ला काढ. चुकेल, पण काय काय माहीत नाही ते त्या एका ड्रॉइंगमध्ये कळतं. हे पोर्टफोलिओत टाकायचं नाही, स्वतःसाठी करायचं.

ड्रॉइंगचे संकेतही वेगळे आहेत, आणि पहिल्या क्रिटला (प्राध्यापकांसमोर काम मांडताना) त्यावरूनच अडतं. जिन्याचा बाण कायम वर चढण्याच्या दिशेनेच, ‘अप’ आणि ‘डाउन’ लिहीत नाहीत. पायऱ्यांचं सूत्र: पायरीची दुप्पट उंची अधिक पाय ठेवायची रुंदी बरोबर ५९ ते ६५ सेंटिमीटर, १७.५ आणि २८ घेतलं की ६३ येतं. विटांच्या भिंती साडेबारा सेंटिमीटरच्या पटीवर चालतात, त्यातून सांध्याचा एक सेंटिमीटर वजा, म्हणून ११.५, २४, ३६.५ अशी मापं. दरवाजाच्या पोकळीला तोच एक सेंटिमीटर मिळवतात: ८८.५, १०१. पातळीचा भरलेला त्रिकोण कच्च्या फ्लोअरचा, पोकळ त्रिकोण तयार फ्लोअरचा. फूट-इंच विसरायचे.

स्टुडिओ आपल्यापेक्षा शांत असतो आणि फसवा असतो. एका डिझाईन विषयाला १० ते १५ क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तास. हे तास तुझे तुला भरायचे असतात, रोज हजेरी घेणारं कुणी नसतं. काम बहुधा जोडीने. आजूबाजूच्या वस्तीचं १:५०० चं मॉडेल सगळा वर्ग मिळून करतो, मध्ये खाच ठेवतात आणि प्रत्येक जण आपला तुकडा त्यात बसवून दाखवतो. मॉडेल बहुतेक करड्या पुठ्ठ्याचं, एकरंगी. त्यावर रंगीत गवत आणि छोट्या गाड्या चिकटवू नकोस.

नोकरीचं गणित भाषेवर येऊन थांबतं. ऑफिसचं काम नऊ टप्प्यांत मोजलं जातं आणि एचओएआय या फी-नियमावलीत प्रत्येक टप्प्याचा वाटा दिलेला आहे. प्राथमिक रचनेला ७ टक्के, पुढच्या पक्क्या डिझाईनला १५, वर्किंग ड्रॉइंगला २५, आणि साइटच्या देखरेखीला ३२. ही फी २०२१ पासून बंधनकारक नाही, पण ऑफिसं हिशेब अजून याच वाट्यांनी करतात. इंग्रजीवर तुला पहिल्या दोन-तीन टप्प्यांत आणि स्पर्धांच्या कामात जागा मिळेल, रेंडर करत बसशील. टेंडरची वर्णनं आणि साइटवर कंत्राटदाराशी बोलणं जर्मनशिवाय होत नाही, आणि कामरला दाखवायच्या दोन वर्षांत तेही काम लागतं. म्हणून निघण्याआधी बी१, पहिल्या नोकरीपर्यंत बी२ पक्कं, हे माझं ठाम मत आहे. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. या बाबतीत आपल्याकडे सबब नाही.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. शिकल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना) तुटवड्याच्या व्यवसायांची पगार-मर्यादा २०२५ मध्ये ४३,७५९.८० युरो होती. लहान ऑफिसांत नवख्याचा पगार बऱ्याचदा याच्या खाली असतो. त्याने बिघडत नाही, पदवीधरांचा साधा कामाचा परवाना मिळतो, पण हिशेब आधी माहीत असावा.

पैशांचं थोडक्यात: ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाची सोय दाखवायला आधी पैसे भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फक्त सेमिस्टरचं अंशदान असतं. पण स्टुटगार्ट आणि कार्ल्सरुह ज्या राज्यात आहेत तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, आणि म्युनिकचं टीयूएम त्याहून बरंच जास्त घेतं. सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी-दर वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो.

निकाल लागला की काउन्सिलची नोंदणी करून ये, नंतर तिकडून करणं जिकिरीचं होतं. आणि ट्रेनिंगच्या ऑफिसकडून ‘यांनी आमच्याकडे काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असलं दोन ओळींचं पत्र घेऊ नकोस. तारखा, आठवड्याचे तास, प्रकल्पाचा प्रकार आणि क्षेत्रफळ, तुझ्या हाताने झालेली ड्रॉइंग कोणती, साइटवर किती वेळा गेलीस, आणि सही करणाऱ्या आर्किटेक्टचा काउन्सिल नोंदणी क्रमांक, एवढं त्यात हवंच. मसुदा स्वतः टाइप करून ने. बॉसला फक्त वाचून सही करायची असेल तर पत्र त्याच आठवड्यात हातात पडतं.