खरखर स्पीकरची, गळती पीक कर्जाची

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 36, आठ एकर कोरडवाहू शेती, जिनिंगमध्ये हिशेबनिसाची नोकरी, पगार 16 हजार. घरात आई, पत्नी, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं. गाडी 2016 ची डिझेल ब्रेझा, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचे स्पीकर खरखरतात, आवाज वाढवला की फाटतो, म्हणून यवतमाळच्या एका दुकानातून त्यांनी 58 हजारांचं कोटेशन आणलं. रोख दिले तर 58, नाहीतर ‘शून्य टक्के व्याजानं’ 5,300 चे बारा हप्ते आणि वर 999 फाइल चार्ज. ते विचारतात: “हप्ते बांधून घेऊ, की जूनमध्ये पीक कर्ज उचललं की त्यातून रोख देऊन टाकू? ते पैसे नाहीतरी बिनव्याजी आहेत. पॉलिसीचा साठ हजारांचा हप्ताही मी त्यातूनच भरतो, त्यामुळे त्याचा ताण येत नाही.”

भाऊ, स्पीकरचं उत्तर देतो, पण या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य शेवटचं आहे.

आधी शून्य टक्के. 5,300 गुणिले बारा म्हणजे 63,600, वर 999. रोख किमतीपेक्षा साडेसहा हजार जास्त. मुद्दल दर महिन्याला उतरत जातं, म्हणजे वर्षभरात सरासरी तीस-एकतीस हजारच तुमच्याकडे राहतात. त्यावर साडेसहा हजार म्हणजे वर्षाला वीस-एकवीस टक्के. व्याज किमतीत मिसळलं म्हणून ते नाहीसं होत नाही. हप्ते नकोत.

आता कोटेशन. समोरचे कंपोनंट स्पीकर 9,500, मागचे कोअॅक्सियल 4,500, चार चॅनलचा अँप 12,000, सीटखालचा सबवूफर 13,000, चारही दरवाज्यांचं डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणारी शीट) 9,000, वायरिंग 4,000, मजुरी 6,000. तक्रार आहे खरखरीची, आणि यात खरखर नेमकी कुठून येते हे कोणी तपासलेलं दिसत नाही. ते घरीच तपासा. बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून एका वेळी एकच दरवाजा वाजू द्या. खरखर होत असताना दरवाज्याच्या पॅडवर तळहात दाबून धरा. आवाज थांबला तर स्पीकर चांगला आहे, पॅडच्या क्लिपा तुटल्या आहेत. त्या शंभर-दोनशे रुपयांत येतात. थांबला नाही तर पॅड काढा. हँडलच्या खोबणीतला आणि आर्मरेस्टमधला स्क्रू आधी काढायचा, मग खालच्या कडेपासून क्लिपा सोडवायच्या. स्क्रू राहून गेला आणि पॅड ओढला की पॅडच तडकतो, घाई करू नका. स्पीकरचा कागदी कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबा. आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल गेली. मल्टिमीटर असेल तर चार ओहमचा चांगला स्पीकर साधारण साडेतीन ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो मेला आहे.

दहा वर्षांत काचेच्या फटीतून आलेली धूळ आणि पावसाचा ओलावा कागदी कोन मऊ करतात, त्यामुळे स्पीकर खरंच गेले असतील. तरी बदलायचे ते समोरचे दोनच. चालवणाऱ्याला ऐकू येतो तो आवाज मुख्यतः पुढूनच येतो. मागचे सुरू असतील तर सुरू राहू द्या, फेडर थोडा पुढे घ्या. घेताना साडेसहा इंची, चार ओहम आणि सेन्सिटिव्हिटी 90 डेसिबल किंवा जास्त एवढं बघा. खोक्यावरच्या 300 वॅटला अर्थ नाही. गाडीतला स्टिरिओ एका चॅनलला खरे पंधरा-वीस वॅटच देतो, आणि तेवढ्यात मोकळा वाजणारा स्पीकर सेन्सिटिव्हिटीवरून ओळखायचा, वॅटवरून नाही. दोन ओहमचा स्पीकर स्टिरिओला थेट लावू नका, स्टिरिओ तापून बंद पडेल.

बसवताना फसतं ते ठरलेल्या चार जागी. मॅग्नेट खोल असतो आणि काच खाली केली की त्याला घासते. म्हणून काच पूर्ण उतरवून खोली मोजायची आणि गरज पडली तर प्लास्टिकची रिंग लावायची. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, नको, पावसाळ्यात दरवाज्यात पाणी उतरतं आणि ती फुगते. डॅम्पिंगला दोन मिलिमीटरची ब्युटिल शीट मागा. स्वस्त डांबरी शीट आपल्या 45 अंशांच्या उन्हात पत्र्यावरून घसरते आणि गाडीभर वास मारते. शीट स्पीकरच्या मागच्या पत्र्यावर लावायची, दरवाज्याच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र उघडी ठेवायची, नाहीतर दरवाजा आतून गंजतो. कंपनीची वायर कापू द्यायची नाही, तयार कप्लर (जोडणीचा प्लग) मिळतो. आणि जोडल्यावर एका स्पीकरचं प्लस-मायनस उलट झालं तर दोघांचा बास एकमेकाला मारतो. तारांना दीड व्होल्टचा सेल टेकवा: प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

अँप आणि सबवूफर तुमच्या वापरात बसत नाहीत. सीटखाली शेतातला चिखल आणि खताच्या पोत्यांची भुकटी जाते, आणि बॅटरीपासून ओढलेल्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज नसेल तर ती घासून पेट घेऊ शकते. गाडी विकताना या ऑडिओचे वेगळे पैसेही कोणी देणार नाही. म्हणजे समोरचे स्पीकर पाच हजार, दोन दरवाज्यांची शीट दोन हजार, रिंग-कप्लर-क्लिपा आठशे, मजुरी बाराशे. नऊ हजारांत काम होतं. पगारातून महिन्याला तीन हजार बाजूला ठेवा आणि दसऱ्याच्या सुमारास करून घ्या. शीट चिकटायला पत्रा कोरडा लागतो, भर पावसात ती धरत नाही.

आता पीक कर्ज. ते बिनव्याजी आहे हे अर्धंच खरं. बँकेचा दर सात टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत, आणि तीन लाखांपर्यंत उरलेला भार मुख्यतः राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. हे सगळं ‘वेळेत फेडलं तर’ या अटीवर टिकून आहे. मुदत चुकली की तुमच्या 1,80,000 च्या पीक कर्जावर सात टक्क्यांनी वर्षाचे 12,600 लागतात, पुढे बँकेचा नेहमीचा, त्याहून चढा दर. आणि हे पैसे बी, खत, फवारणी, निंदण यांच्यासाठी असतात. ते दुसरीकडे गेले की शेतीचा खर्च थांबत नाही, तो उधारीवर जातो.

तुमच्याकडे नेमकं तेच झालं आहे. 1,80,000 पैकी 60 हजार पॉलिसीला गेले. तेवढ्याच रकमेचं खत आणि औषध तुम्ही कृषी केंद्रातून महिना दोन टक्क्यांनी उधार उचललं. सहा महिन्यांचे 7,200 झाले. उधारी होती म्हणून 36 क्विंटल कापूसही त्याच दुकानदाराला खेडा खरेदीत, म्हणजे गावातच, क्विंटलला 7,300 नं दिला. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता. सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, आठ टक्क्यांवरच्या ओलाव्याला कपात लावते आणि बारा टक्क्यांवर घेतच नाही. ती कपात, प्रत, गाडीभाडं सगळं धरलं तरी क्विंटलमागे चारशे रुपये जास्त सुटले असते, म्हणजे 14-15 हजार. व्याज मिळवा: साठ हजार वळवण्याचा एका वर्षाचा खर्च 21-22 हजार. आणि ते साठ हजार पॉलिसीत किती कमावतात? तुम्हाला सांगितलं आहे की दहा वर्षं हप्ता भरा, पंधराव्या वर्षी सहा लाखांचे दहा लाख मिळतील. हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास येतो. साठ हजारांवर तीन हजार. बावीस हजार घालून तीन हजार कमावण्याचा हा व्यवहार आहे, आणि तुम्ही लिहिता की ताण येत नाही.

ताण दिसत नाही, कारण तो चुकाऱ्यातून, म्हणजे पिकाच्या पैशातून, कापला जातो. तुमच्याच आकड्यांनी मांडतो. कापसाचे 2,62,800, बारा क्विंटल सोयाबीनचे 4,300 नं 51,600, एकूण 3,14,400. त्यातून बँकेचे 1,80,000, कृषी केंद्राचे 67,200, वेचणीचे 36,000 गेले. उरले तीस-एकतीस हजार. वर्षाला तीस हजार हाती येणाऱ्या शेतीवर साठ हजारांचा हप्ता बांधला आहे. बँकेतल्या ज्यांनी तो बांधला त्यांच्यासमोर तुमचं कर्जखातं उघडं होतं. “पॉलिसी घेतली तर कर्ज लवकर मंजूर होईल” असं तुम्हाला सांगितलं गेलं, आणि मला या प्रकाराचा संताप येतो. पीक कर्जासाठी आयुर्विमा घेणं बंधनकारक नाही. पीक विमा वेगळा आहे, तो ऐच्छिक असला तरी घ्याच: शेतकऱ्याचा हिस्सा सोयाबीनला दोन टक्के, कापसाला जास्तीत जास्त पाच.

हप्ता न भरता तेच साठ हजार शेतीत घातले असते तर उधारी नसती, कापूस मोकळेपणानं विकता आला असता आणि तीस हजारांच्या जागी एक लाख दहा हजार उरले असते. बचत त्या पैशातून करायची असते, कर्जातून नाही. त्यातून वर्षाला साठ हजार पीपीएफमध्ये दहा वर्षं टाकले, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी पंधराव्या वर्षी साडेबारा लाख होतात. आणि एखाद्या साली बोंडअळीनं मार खाल्ला तर त्या वर्षी पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. पॉलिसी तुमचं दुष्काळी साल ओळखत नाही.

तेव्हा येत्या जूनचा तिसरा हप्ता भरू नका. सरेंडरही, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घेणं, लगेच करू नका. पॉलिसी जून 2024 ची आहे, म्हणजे 1 ऑक्टोबर 2024 पासून आलेले सरेंडरचे सुधारित नियम तिला लागू नाहीत. दोन हप्ते भरल्यावर भरलेल्या रकमेच्या 30 टक्क्यांची हमी, म्हणजे 1,20,000 चे 36,000. पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवली तर सहा लाखांच्या विमा रकमेचा दोन-दशांश, म्हणजे 1,20,000 मुदतीअखेर मिळायला हवेत. आजचे 36,000 सात टक्क्यांनी तेरा वर्षं वाढवले तरी 87 हजारांवर जात नाहीत. पेड-अप बरी. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घ्या आणि मगच ठरवा. “अजून एक हप्ता भरा, मग सरेंडर वाढेल” असं कोणी म्हणालं तर हिशेब करून बघा: तिसऱ्या हप्त्यानंतर 35 टक्के, 1,80,000 चे 63,000. साठ हजार भरून सत्तावीस हजार वाढले.

एक काम मात्र कर्ज खात्यात पडायच्या आधी करा. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. बँकेत जाऊन ते मॅन्डेट (कपातीची परवानगी) रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे राहिलं तर जूनमध्ये कर्जाची रक्कम जमा होईल, दुसऱ्या दिवशी साठ हजार निघून जातील, आणि परत मागायला महिने लागतील.

“कापूस दहा हजारांवर गेला की सगळं फिटेल” आणि “कर्जमाफी तर होणारच” हेही पत्रात आहे. 2022 च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांवर गेला होता, खरं आहे. 2023-24 पासूनच्या हंगामांत तो हमीभावाच्या आसपास रेंगाळला. हिशेब 7,500 नं करा. कर्जमाफीला दर वेळी तारखा आणि मर्यादा असतात: 2017 मध्ये दीड लाखांची, 2019 मध्ये दोन लाखांची, तीही ठरावीक काळातल्या थकीत कर्जाला. तिच्या भरवशावर नवं-जुनं (जुनं कर्ज फेडून नवं उचलणं) न करता बसलात आणि तुमचं खातं तारखेबाहेर पडलं, तर व्याज तुमचं, सिबिल खराब तुमचं, आणि पुढच्या खरिपाला दार बंद.

या पॉलिसीत तुमच्या जिवाची किंमत सहा लाख धरली आहे. आई आणि दोन लहान मुलं असलेल्या घराला ते तीन-चार वर्षंही पुरणार नाहीत. साधा टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा, घ्या, 40 लाखांचा. तुमच्या वयाला आठ-दहा हजारांच्या आसपास हप्ता येतो, आणि सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी नाही. विमा कंपन्या शेतीच्या उत्पन्नापेक्षा पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट आणि आयकर रिटर्न मागतात, म्हणून पगार रोख घेत असाल तर या महिन्यापासून खात्यात घ्या. तंबाखू किंवा खर्रा खात असाल तर अर्जात लिहा. हप्ता वाढतो, पण लपवलं तर दावा अडकतो तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता. टर्म मंजूर होईपर्यंत बँकेतच प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा 436 रुपयांत आणि अपघाताचा सुरक्षा विमा 20 रुपयांत सुरू करा. दोन्ही दोन-दोन लाखांचे.

जमलं तर तक्रारही करा. कर्ज लवकर मंजूर होईल असं सांगून पॉलिसी घ्यायला लावली, असं आधी विमा कंपनीला लिहा आणि बँकेला प्रत द्या. पॉलिसीची आणि कर्ज मंजुरीची तारीख जवळजवळची असेल तर दोन्ही कागद जोडा, तोच तुमचा पुरावा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, नकाराच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते.